सायकलच्या दुकानातून कारखाना उभा केला, पण त्याआधी एकेक यंत्र खोलून पाहिलं : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

सायकलवर पायडल मारताना खालून कटकट आवाज यायला लागला, की समजायचं बीबीचं काम निघालंय.

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. दोन्ही पायडलचे दांडे फ्रेममध्ये जिथे येऊन मिळतात, तिथला तो आडवा नळा आणि त्याच्या आतला सगळा संसार. एक्सल, छर्रे आणि दोन्ही बाजूंनी आट्यांवर बसवलेल्या वाट्या. बहुतेक लोक सायकल वापरून वापरून म्हातारे होतात, पण हा भाग उघडलेला त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

आणि तो उघडायची वेळ येते तेव्हा तो हमखास जाम झालेला असतो.

आज अशा वेळी आपण चौकातल्या मिस्त्रीकडे जातो, नाहीतर मोबाईलवर व्हिडिओ शोधतो. वर्ध्यात असाल तर वर्ध्यातला मिस्त्री, आर्वीत असाल तर आर्वीतला. पण ज्या काळात अख्ख्या जिल्ह्यात सायकलच नव्हती, तेव्हा बिघडलेली सायकल खोलायची कुणी?

बेळगावात हा प्रश्न एका माणसाने अंगावर घेतला. मुंबईत शिक्षकाची नोकरी करत करत त्याने भावाच्या मदतीने सायकली विकल्या, चालवायला शिकवल्या आणि बिघडल्या की दुरुस्तही केल्या. त्याच दुकानातून पुढे नांगर निघाले, पंप निघाले, इंजिनं निघाली आणि महाराष्ट्राच्या नकाशावर एक अख्खं गाव निघालं.

त्या माणसाचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

शाळेत मन नाही, हात मात्र थांबत नाहीत

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, आताच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, चर्चा, शास्त्र असं वातावरण. या घरातला मुलगा शिकून सरकारी नोकरीत जाईल, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार.

पण या मुलाला पुस्तकात गोडी नव्हती. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्र काढणं आणि यंत्रं.

मोठा भाऊ रामूअण्णा पाठीशी उभा राहिला आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचं स्वप्न होतं. हात चांगला होता, मेहनतीची तयारी होती.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते.

चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला रंगच दिसत नसतील तर काय करायचं? एखादा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी वेगळा हिशोब केला. रंग दिसत नसले तरी रेषा दिसते. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांच्या आराखड्यांची ड्रॉइंग धरली.

याच कामाच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळाली. पगार महिन्याला ५० रुपयांच्याही आतला.

शिकवणं हे निमित्त. खरी कमाई तिथल्या वर्कशॉपमध्ये होती. फावल्या वेळात ते तिथे जायचे, यंत्रं खोलून पाहायचे, पुन्हा जोडायचे. परदेशी तांत्रिक मासिकं वाचायचे. पदवी इंजिनियरची नव्हती, पण हात इंजिनियरचा होत चालला होता.

मुंबईत दिसलेली दोन चाकं

याच काळात मुंबईत त्यांना सायकल दिसली.

आपल्याला आज यात काही विशेष वाटणार नाही. पण काळ बघा. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी रोव्हर सेफ्टी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ ला आली. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ ला. म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो, ती तेव्हा नुकती जन्माला येत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर बाजारात आलेलं अगदी नवं गॅजेट.

लक्ष्मणराव सायकल चालवायला शिकले आणि त्यांच्या डोक्यात धंदा शिरला. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या आणि तिथे विकायच्या. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने दुकान सुरू झालं. त्या भागाला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

सायकलची किंमत ७०० ते १००० रुपयांच्या घरात. घेणाऱ्याला चालवायला शिकवायचं असेल तर त्याचे १५ रुपये वेगळे. ५० रुपयांच्या आत पगार असणाऱ्या शिक्षकाने हजार रुपयांची वस्तू विकायला काढली होती, हे विसरू नका.

अमेरिकेत विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंनी डेटन शहरात सायकलचं दुकान काढलं ते १८९२ ला. आपले बेळगावचे बंधू त्यांच्या चार वर्षं आधीचे. आणि यात योगायोगापेक्षा जास्त काहीतरी आहे. त्या काळात सायकल हे असं यंत्र होतं, जे साध्या दुकानात, साध्या हत्यारांनी पूर्ण खोलता यायचं. बेअरिंग, साखळी, दातेरी चाक, आटे, घर्षण, वंगण, सगळं एका फ्रेममध्ये. इंजिनियरिंग कॉलेजात न जाता इंजिनियरिंग शिकायचं असेल, तर याहून चांगली शाळा नव्हती.

जाम झालेली बीबी काय शिकवते?

आता जरा थांबून या शाळेतला सगळ्यात अवघड धडा बघू. म्हणजे दुरुस्तीची शाळा म्हणजे नेमकं काय, ते कळेल.

बीबी जाम का होते? सायकलचा तो सगळ्यात खालचा कोपरा. सीटच्या नळीतून झिरपलेलं पाणी तिथेच साचतं. ग्रीस वाळतं, लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते आणि वाटी नळ्याला घट्ट धरून बसते.

जुन्या काळ्या सायकलीत आधी पायडलचे दांडे काढावे लागतात. ते कॉटर पिनवर बसलेले असतात. नवखा माणूस पिनेचं नट काढून थेट हातोडा मारतो आणि पिन वाकवतो. जाणता मिस्त्री नट थोडं सैल करून पिनेच्या टोकाबरोबर ठेवतो, म्हणजे आटे मरत नाहीत. दांड्याखाली लाकूड किंवा जाड पाइपचा आधार देतो आणि मग एकच नेमका ठोका मारतो. आधार नसेल तर सगळा मार छर्ऱ्यांवर जातो.

मग वाट्या. डाव्या बाजूला आधी वरची रिंग सोडवायची, मग वाटी नेहमीसारखी, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. इथपर्यंत ठीक.

खरा घोळ उजव्या, म्हणजे साखळीच्या बाजूला आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकलींमध्ये तिथे उलटे आटे असतात. ती वाटी घड्याळाच्या दिशेने फिरवली तरच सुटते. ज्याला हे माहीत नाही, तो नेहमीच्या दिशेने जोर लावतो. जितका जोर लावेल, तितकी वाटी घट्ट बसते. मग तो पान्याला लांब पाइप लावतो, दोघं मिळून ओढतात आणि शेवटी वाटीच्या कडा तरी गोल होतात नाहीतर फ्रेम तरी बाद होते.

उलटे आटे कुणी त्रास द्यायला ठेवलेले नाहीत. पायडल मारताना आतले छर्रे फिरतात आणि वाटीला एक्सलच्या उलट दिशेने हळूहळू सरकवत राहतात. उजवीकडे सरळ आटे असते, तर सायकल चालवता चालवताच वाटी सुटली असती. डाव्या पायडलला उलटे आटे असण्यामागेही असंच कारण आहे.

म्हणून शहाणा मिस्त्री आधी दिशा बघतो. काही इटालियन पद्धतीच्या सायकलींत दोन्हीकडे सरळ आटे असतात, म्हणून फ्रेम कुठली आहे तेही बघतो. मग आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडतो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी हलके ठोके देतो, म्हणजे तेल आत उतरतं. पाना घसरत असेल तर वाटीतून बोल्ट आणि वायसर घालून पाना जागेवर बांधून टाकतो. तरीही सुटलं नाही, तर वाटीच्या सपाट कडा मोठ्या व्हाइसमध्ये पकडून अख्खी फ्रेमच फिरवतो. फ्रेमची लांबी हाच मग पान्याचा दांडा. बसवताना आट्यांना ग्रीस लावतो, म्हणजे पुढच्या माणसाला हा त्रास होत नाही.

यातलं एकही काम ताकदीचं नाही. सगळी कामं समजून घ्यायची आहेत.

लक्ष्मणरावांच्या काळात तर आट्यांची मापंही अजून पक्की ठरलेली नव्हती. एका कंपनीचा भाग दुसरीला बसेल याची खात्री नाही. सुटे भाग समुद्रापलीकडून बोटीने येणार. एक वाटी फुटली तर हजार रुपयांची सायकल काही महिने भिंतीला. अशा दुकानात माणूस एकच गोष्ट पक्की शिकतो, की जोर लावायच्या आधी समजून घ्यायचं. पुढच्या आयुष्यात लक्ष्मणरावांना हेच कामी आलं.

नोकरी गेली नाही, सोडली

व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली. लक्ष्मणरावांचा हक्क होता. पण जागा दिली गेली एका अँग्लो-इंडियन माणसाला. काम कुणाचं जास्त, हा प्रश्नच नव्हता. राज्य कुणाचं, हा प्रश्न होता.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पदरात संसार होता. हातात हुनर होतं आणि एक छोटं सायकलचं दुकान होतं.

एव्हाना सायकलच्या धंद्यात स्पर्धा वाढायला लागली होती. मोठे व्यापारी उतरले की छोट्या दुकानदाराचं काय होतं, ते आपण आजही बघतो. पण लक्ष्मणरावांना मुळात दुसऱ्याचा माल विकत बसायचं नव्हतं. त्यांनी एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि ती चालवायला एक छोटं इंजिन जमवलं. सायकलच्या दुकानाचा कारखाना व्हायला लागला.

पहिलं यंत्र कडबा कापायचं. मग त्यांनी हात घातला लोखंडी नांगराला.

लोखंडाने जमीन नासते म्हणे

विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, पण ते महाग. लक्ष्मणरावांनी ते पाहिले, त्यांचा अभ्यास केला आणि आपल्या मातीला, आपल्या बैलांना झेपेल असा नांगर बनवला.

आणि तो कुणी घेईना.

लोखंड जमिनीत गेलं की विष पसरतं, जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्पिढ्या लाकडी नांगर चालला होता. जमीन एकच, कर्ज डोक्यावर आणि प्रयोग फसला तर वर्ष उपाशी. अशा माणसाने नव्या वस्तूला घाबरणं यात वेडेपणा काही नाही. पऱ्हाटीच्या भरवशावर वर्ष काढणाऱ्या आपल्या वर्धा-हिंगणघाटकडच्या शेतकऱ्याला ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

नांगर विकले गेले तेव्हा नवीनच अडचण आली. फाळ मऊ निघतो, लवकर झिजतो अशी तक्रार आली. इथे सायकल दुरुस्त करणारा माणूस कामी आला. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. परत आलेली वस्तू पाहिली, धातूत काय कमी पडलं ते शोधलं आणि फाळ सुधारला. तक्रार म्हणजे अपमान, असं मानणारा माणूस कारखाना चालवू शकत नाही.

जागा खाली करा

धंदा जरा रुळावर येत होता आणि बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. शहराची वाढ करायची होती, त्यासाठी कारखान्याची जागा हवी होती. इतक्या वर्षांची जुळवाजुळव आता उचलून न्यायची कुठे?

त्या दिवसांत लक्ष्मणरावांकडे औंधला एक मोठा मंडप उभारायचं काम होतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेची जाण असणारा माणूस. त्यांना लक्ष्मणरावांची अडचण कळली. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. वर १०,००० रुपयांचं कर्जही दिलं.

जमीन कशी? माळरान. निवडुंग, दगड आणि साप. पाण्याचे हाल.

१० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडीचा पाया पडला. २५ कामगार, त्यांची कुटुंबं आणि बैलगाडीभर सामान असं म्हणा हवं तर. आधी निवडुंग काढला, मग छपरं उभी केली, मग यंत्रं.

सोबतची माणसंही वेगळीच. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर. मोठ्या पदव्या घेऊन कुणी आलं नव्हतं. लक्ष्मणराव कागद बघून माणूस घेत नसत, काम बघून घेत. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हातात त्यांनी वसाहतीच्या राखणीचं काम दिलं. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असाही त्यांचा दंडक होता. १९१० च्या आसपास हे बोलायला सोपं नव्हतं, करायला तर त्याहून अवघड.

तोफांचे नांगर झाले

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी माल यायचा थांबला. म्हणजे देशी नांगराला बाजार मिळाला. पण त्याच युद्धामुळे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दारात उभं आणि भट्टी थंड, अशी अवस्था.

लक्ष्मणरावांनी कोळशाच्या जागी लाकूड वापरायची जुळवाजुळव केली. लोखंडासाठी कोल्हापूर दरबाराकडे धाव घेतली. राजर्षी शाहू महाराजांच्या संस्थानात किल्ल्यांवर जुन्या, निकामी तोफा पडून होत्या. त्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत गेल्या आणि नांगर होऊन शेतात उतरल्या.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केलं. कारखान्याची माहिती द्यायला निघालेलं हे पत्रक पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून १९२६ ला इंजिनियर होऊन परतला. बापाकडे इंजिनियरची पदवी नव्हती, पोराने ती जगातल्या नावाजलेल्या संस्थेतून आणली.

आणि एक धागा वर्ध्यापर्यंत

१९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं. रक्कम १ लाख रुपये. अट अशी, की खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालेल, बाईमाणसाला आठ तास न थकता चालवता येईल, १५० रुपयांच्या आत बसेल आणि २० वर्षं टिकेल असा सुधारलेला चरखा बनवून दाखवा.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही अशा चरख्यावर काम झालं आणि तो परीक्षेला उतरला. पण सगळ्या अटी काही पूर्ण झाल्या नाहीत. ते लाख रुपये शेवटी कुणालाच मिळाले नाहीत.

चरख्याच्या प्रयोगांचं केंद्र पुढे वर्ध्यात आलं. गांधीजी १९३६ ला सेवाग्रामला राहायला आले. १९३८ मध्ये त्यांच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालय सुरू झालं. वेगवेगळ्या प्रकारचे चरखे आजही तिथे जाऊन बघता येतात.

वरवर पाहिलं तर किर्लोस्करवाडीचा भट्टीवाला कारखाना आणि सेवाग्रामची कुटी ही दोन टोकं. एकाला मोठी यंत्रं हवीत, दुसऱ्याला त्यांची भीती. पण बक्षिसाची अट परत वाचा. खेड्यातल्या माणसाला परवडेल, चालवता येईल आणि वर्षानुवर्षं टिकेल असं यंत्र. लक्ष्मणरावांच्या नांगराची गोष्ट याहून वेगळी नव्हती.

शेवटचा हिशोब

१९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळुरूत विजेच्या यंत्रांची किर्लोस्कर कंपनी उभी राहिली. शेतातली मोटर म्हणजे किर्लोस्कर, असं समीकरण पुढे गावागावात झालं. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ ला त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव कधीच किर्लोस्करवाडी झालं होतं.

रंग दिसेनात, म्हणून त्यांनी रेषा धरली. बढती नाकारली, म्हणून स्वतःचं दुकान धरलं. जागा गेली, तर गावच वसवलं. प्रत्येक वेळी काहीतरी जाम झालं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्याच दिशेला जास्त जोर लावण्याऐवजी हे नेमकं कुठल्या बाजूने सुटतं ते आधी शोधलं.

आज वस्तू बिघडली की आपण नवी मागवतो. उघडून बघणारी माणसं कमी होत चालली आहेत. चौकातला सायकल मिस्त्री म्हातारा झालाय, त्याच्या पोराला त्या दुकानात बसायचं नाही. त्याच्याबरोबर उलट्या आट्यांचं, एका नेमक्या ठोक्याचं, रात्रभर थांबायचं ज्ञानही जाईल.

तुमच्या घरी एखादी जुनी सायकल भिंतीला टेकून उभी असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा त्याच्याकडे घेऊन जा. आणि तो बीबी खोलत असेल तेव्हा मोबाईल खिशात ठेवून शेजारी उभं राहा.